पटलेली गोष्ट आणि पडताळलेली गोष्ट

पर्यावरण दिनाच्या भाषणांत बेडकाची एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. बेडकाला उकळत्या पाण्यात टाकले तर तो तत्काळ बाहेर उडी मारतो. पण थंड पाण्यात ठेवून ते पाणी हळूहळू तापवत नेले, तर त्याला धोका कळतच नाही आणि तो शिजून मरतो. ‘आपली अवस्था या बेडकासारखी झाली आहे,’ असे वक्ता म्हणतो आणि श्रोत्यांच्या माना डोलतात. ही गोष्ट मीही सांगितलेली आहे. एका शिक्षक प्रशिक्षण वर्गात ती सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका शिक्षिकेने विचारले, “सर, हळूहळू म्हणजे मिनिटाला किती अंश?” मला उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधू गेल्यावर जे हाती लागले ते असे. १९व्या शतकात जर्मनीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी असे प्रयोग खरोखरच केले होते. फ्रीडरिख गोल्ट्झ यांनी १८६९ मध्ये नोंदवले, की मेंदू काढून टाकलेला बेडूक तापत्या पाण्यात बसून राहतो. धडधाकट बेडूक मात्र पाणी तापू लागताच अस्वस्थ होतो आणि बाहेर पडण्याची धडपड करतो. पाणी अत्यंत सावकाश तापवले तर बेडूक हलत नाही, असेही त्या काळी काही प्रयोगकर्त्यांनी लिहिले. पण उभयचर प्राण्यांना किती तापमान सोसते याचा अभ्यास करणाऱ्या अलीकडच्या शास्त्रज्ञांचा अनुभव गोल्ट्झ यांच्या बाजूचा आहे. शिवाय उकळत्या पाण्यात पडलेला बेडूक उडी मारण्याआधीच गंभीर भाजेल. म्हणजे गोष्टीचे दोन्ही भाग डळमळीत आहेत.

यावर कोणी म्हणेल, की गोष्टच ती. तिच्यात शास्त्र कशाला शोधायचे? इसापाचा कोल्हा खरोखर द्राक्षे खातो का, असे आपण कुठे विचारतो? हे म्हणणे बरोबर आहे. पण इसापाच्या कोल्ह्याने शास्त्रीय निरीक्षणाचा आव आणलेला नसतो. बेडकाच्या गोष्टीने प्रयोगाचा वेश घेतलेला आहे. ‘हे शास्त्रज्ञांनी पाहिलेले आहे’ या समजुतीवर ती पटते. गोष्ट पटणे आणि गोष्ट पडताळलेली असणे यांतला फरक इथे पुसला जातो, आणि हा फरक शिकवणे हेच तर विज्ञानशिक्षकाचे काम आहे. म्हणून मन वळवण्याचे साधन म्हणून बोधकथा आजवर कशी वापरली गेली, आणि विज्ञानाने तिला किती जागा द्यावी, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

सभेतले साधन

बोधकथा म्हणजे मुलांचे वाङ्मय ही समजूत बरीच नंतरची. प्राचीन ग्रीसमध्ये ती मोठ्या माणसांच्या सभेत आणि न्यायालयात वापरायची गोष्ट होती. अॅरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात ‘वक्तृत्वशास्त्र’ लिहिले. त्यातील दुसऱ्या भागात त्याने उदाहरणांचे प्रकार सांगितले आहेत: घडून गेलेल्या घटना, आणि वक्त्याने रचलेली उदाहरणे. बोधकथा या दुसऱ्या प्रकारात येते.

तिचे दोन नमुने तो देतो. हिमेरा शहराच्या लोकांनी फॅलारिसला सर्वाधिकारी सेनापती नेमले होते आणि आता ते त्याला अंगरक्षकांचे पथक देणार होते. तेव्हा स्टेसिकोरस या कवीने त्यांना घोड्याची गोष्ट सांगितली. घोड्याच्या कुरणात एक हरीण शिरले. त्याला शिक्षा करण्यासाठी घोड्याने माणसाची मदत मागितली. माणूस म्हणाला, तोंडात लगाम घे आणि मला पाठीवर बसू दे. हरणाचे काय व्हायचे ते झाले, घोडा मात्र कायमचा गुलाम झाला. दुसरा नमुना इसापाचा. सामोस बेटावर एका लोकनेत्यावर देहदंडाचा खटला चालू होता. त्याच्या बचावासाठी इसापाने कोल्ह्याची गोष्ट सांगितली. खड्ड्यात अडकलेल्या कोल्ह्याच्या अंगाला गोचिड्या चिकटल्या होत्या. साळूने त्या काढून टाकायची तयारी दाखवली. कोल्हा म्हणाला, नको. या आता पोट भरलेल्या आहेत, या गेल्या तर भुकेल्या नव्या येतील. तात्पर्य, या माणसाने खायचे ते खाल्ले आहे. याला माराल तर नवा येऊन उरलेलेही खाईल.

एक गोष्ट हुकूमशहाच्या विरोधात, तर दुसरी लोकांचा पैसा खाणाऱ्याच्या बचावासाठी. साधन एकच, आणि ते दोन्हीकडे तितकेच चालते. अॅरिस्टॉटलला हे ठाऊक होते. तो म्हणतो, की बोधकथेचा फायदा असा, की घडलेल्या घटनांमधून जुळते उदाहरण शोधणे अवघड असते, गोष्ट रचणे सोपे असते. पण प्रत्यक्ष विचारविनिमयासाठी घडलेल्या घटनाच अधिक उपयोगी, कारण पुढे होणाऱ्या गोष्टी बहुधा मागे झालेल्या गोष्टींसारख्या असतात. जे स्वस्तात मिळते त्याचे वजनही बेताचेच, असा हा हिशेब आहे. तो आपण पुढे वारंवार विसरलो.

गोष्टीत काय गाळलेले असते

रोमन इतिहासकार लिव्ही याने सांगितलेली मेनेनियस अग्रिप्पाची कथा प्रसिद्ध आहे. परंपरेनुसार इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाने आणि कर्जापायी येणाऱ्या गुलामीने गांजलेले सामान्य रोमन लोक शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. त्यांची समजूत घालायला मेनेनियस गेला. त्याने सांगितले, की एकदा शरीराच्या अवयवांनी पोटाविरुद्ध बंड केले. आम्ही राबायचे आणि पोटाने बसून खायचे, हे चालणार नाही. हाताने घास उचलला नाही, दातांनी चावला नाही. पोट उपाशी राहिले, पण त्याबरोबर सगळे शरीरच क्षीण झाले. तेव्हा अवयवांना कळले, की पोट अन्नाचे रक्त करून ते सर्वांना परत पाठवते.

या गोष्टीची रचना तपासण्यासारखी आहे. शरीरात पोट काही साठवून श्रीमंत होत नाही आणि हाताला कर्ज देऊन व्याज घेत नाही. सर्व अवयवांचे हित एकच असते. रोममध्ये नेमका वाद त्यावरच होता: सत्ताधाऱ्यांचे आणि कर्जबाजाऱ्यांचे हित एक आहे का? जे सिद्ध करायचे तेच उपमा निवडताना गृहीत धरले गेले. ‘पोट किती घेते आणि किती परत देते?’ हा मोजमापाचा प्रश्न विचारायला गोष्टीत कोणी पात्रच ठेवलेले नाही.

लिव्हीच्या वृत्तांताचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. गोष्टीने लोकांची मने मऊ झाली. पण समेट झाला तो वाटाघाटीनंतर, सामान्यांच्या बाजूने हस्तक्षेप करू शकणारे स्वतःचे अधिकारी त्यांना मिळाले तेव्हा. म्हणजे टेकडीवरचे लोक गोष्ट ऐकून नुसतेच खाली उतरले नाहीत.

आपल्याकडचे दोन धडे

पंचतंत्राची ओळख आपण ‘राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी सांगितलेल्या गोष्टी’ अशी करून देतो. त्याच्या पहिल्या तंत्राचे नाव मात्र ‘मित्रभेद’ आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री दमनक नावाचा कोल्हा तोडतो. सिंहाला सांगतो, बैल कट करतो आहे. बैलाला सांगतो, सिंह तुला मारणार आहे. त्याची हत्यारे म्हणजे गोष्टी. आपल्या प्रत्येक म्हणण्याला तो एक समर्पक कथा जोडतो आणि शेवटी निरपराध संजीवक मारला जातो. त्याचा सोबती करटक त्याला दोष देतो, तोही गोष्टी सांगूनच. थोडक्यात, पंचतंत्रात गोष्टीला गोष्टीने उत्तर मिळते, आणि गोष्ट सांगणारा नेहमी भला असतो असेही नाही. सहाव्या शतकात हा ग्रंथ पहलवी भाषेत गेला आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्याचा अरबी अनुवाद केला. या अरबी ग्रंथात, मूळ संस्कृतात नसलेले एक प्रकरण आढळते: दमनकावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. गोड बोलून पटवणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे, असे कोणाला तरी तीव्रतेने वाटले असणार.

दुसरा धडा मराठीतलाच आहे. चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत तेराव्या शतकात केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात संकलित केले. प्रत्येकाची मांडणी तीन भागांत आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टांतिक. दृष्टांतातले काय प्रस्तुत विषयात कशाला लागू पडते, हे दार्ष्टांतिकात उलगडून दाखवलेले असते. हा तिसरा भाग फार मोलाचा आहे. कारण कशाची सांगड कशाशी घातली आहे हे स्पष्ट शब्दांत मांडले, की ती जुळते की नाही हे ऐकणाऱ्याला तपासता येते. मेनेनियसच्या गोष्टीला असे दार्ष्टांतिक जोडून पाहा: पोट म्हणजे सत्ताधारी, रक्त म्हणजे... काय? तिथेच अडखळायला होते.

मुलांसाठीच्या बोधकथांत मात्र दार्ष्टांतिकाची जागा एका ओळीच्या तात्पर्याने घेतली. मराठीत इसापाच्या कथा १८०६ मध्ये तंजावरला छापल्या गेल्या आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ प्रसिद्ध झाली. तेव्हापासून त्या शालेय वाचनात रुजल्या. तात्पर्य पाठ करायचे असते, त्याला उलट उत्तर द्यायचे नसते. रूसोने १७६२ मध्ये ‘एमिल’ या ग्रंथात या पद्धतीवर कडक टीका केली होती. कावळा आणि कोल्ह्याची गोष्ट ऐकून मुले कावळ्याच्या फजितीवरून धडा घेत नाहीत. ती कोल्ह्याची बाजू घेतात, असे त्याचे निरीक्षण होते. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हे पटेल.

विज्ञानातल्या दोन बोधकथा

विसाव्या शतकात दोन बोधकथा विज्ञानाच्या नावाने जगभर गेल्या. दोन्ही पर्यावरणाविषयीच्या आहेत, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिली रेचल कार्सन यांची. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या त्यांच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण जेमतेम दोन पानांचे आहे. त्यात अमेरिकेतल्या एका गावाचे वर्णन येते: पक्षी गप्प झालेले, फुलांवर मधमाश्या नाहीत, नदीत मासे नाहीत. कार्सन यांनी प्रकरणाच्या शीर्षकातच ही बोधकथा असल्याचे सांगितले आणि प्रकरण संपवताना स्पष्ट केले, की असे गाव प्रत्यक्षात नाही. मात्र यातली प्रत्येक आपत्ती कुठे ना कुठे घडलेली आहे. पुढची सगळी प्रकरणे त्या घटनांची आहेत: कोणते कीटकनाशक, कोठे फवारले, काय मेले, कोणी नोंदवले. शेवटी संदर्भांची पन्नासहून अधिक पाने आहेत. टीकाकारांनी नेमके पहिले प्रकरण उचलून ‘ही कल्पित कथा आहे’ असे म्हटले. मोन्सॅन्टो कंपनीने त्याच वर्षी आपल्या मासिकात, कीटकनाशकेच नसलेल्या उजाड वर्षाची कथा छापून गोष्टीला गोष्टीने उत्तर दिले. पण निर्णय गोष्टींवर झाला नाही. अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने पुरावा तपासला आणि १९६३ मधल्या तिच्या अहवालाने कार्सन यांच्या मुख्य इशाऱ्याला बळ दिले. कार्सन यांची कथा म्हणजे घराचे दार होते. आत घर होते.

दुसरी कथा जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांची. ‘सायन्स’ या साप्ताहिकात १३ डिसेंबर १९६८ रोजी त्यांचा ‘सामायिक मालमत्तेची शोकांतिका’ अशा अर्थाचा लेख आला. कल्पना मूळची विल्यम लॉइड यांच्या १८३३ मधील व्याख्यानांतली. सर्वांना मोकळे असलेले एक कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो: मी एक जनावर वाढवले तर त्याचा सगळा फायदा माझा, पण कुरणाची झीज सर्वांत वाटली जाणार. समजा दहा गुराखी आहेत आणि जादा जनावराचा फायदा व त्याने होणारी झीज दोन्ही एकेक एकक आहेत. मग गुराख्याला मिळते १ आणि त्याच्या वाट्याला तोटा येतो ०.१. म्हणून प्रत्येक जण जनावरे वाढवत जातो आणि कुरण उजाड होते. सुटका दोनच वाटांनी: खासगी मालकी किंवा वरून येणारी सक्ती.

आकडेमोड बिनचूक आहे, आणि म्हणूनच ती पटते. पण दार्ष्टांतिक तपासून पाहा. इसापाच्या कथेत जनावरे बोलतात. हार्डिन यांच्या कथेत माणसेच बोलत नाहीत. दहा गुराखी रोज एकाच कुरणावर भेटतात, पण जनावरे किती असावीत याविषयी एकमेकांशी चकार शब्द काढत नाहीत. त्यांना गाव नाही, पंच नाहीत, आजोबांनी घालून दिलेला रिवाज नाही. हे सर्व गाळले म्हणून निष्कर्ष अटळ दिसतो. प्रत्यक्षातल्या एकाही कुरणाचा तपशीलवार अभ्यास त्या लेखात नव्हता.

तो अभ्यास इतरांनी केला. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंड, जपान, स्पेन, फिलिपिन्स येथील सामायिक कुरणे, जंगले आणि पाटबंधारे यांची उदाहरणे तपासली. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या गावाचा १५१७ चा नियम असा, की हिवाळाभर गोठ्यात पोसता येतील त्याहून जास्त गाई कोणी उन्हाळ्यात सामायिक कुरणावर पाठवायच्या नाहीत. मोजायला सोपा, चोरी पकडायला सोपा. असे नियम शतकानुशतके टिकले. महत्त्वाचे म्हणजे ऑस्ट्रॉम यांनी ‘लोक नेहमी शहाणे असतात’ अशी उलटी बोधकथा सांगितली नाही. फसलेल्या व्यवस्थाही त्यांनी नोंदवल्या आणि कोणत्या अटी असल्या की व्यवस्था टिकते ते मांडले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खुद्द हार्डिन यांनीही पुढे मान्य केले, की ‘व्यवस्थापन नसलेली’ हे विशेषण आपण गाळले, ही मोठी चूक झाली.

एक विशेषण गाळले, तर बिघडले काय? बरेच बिघडले. सामायिक जमिनीचा नाश ठरलेलाच, असे एकदा पटले की गावाच्या हातून ती काढून घेणे हाच शहाणपणा वाटू लागतो. तिसरी वाट दिसेनाशी होते. ती वाट आपल्याकडेही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हे गाव ग्रामसभेत एकत्र बसून जंगलाविषयीचे निर्णय घेते. तिथले लोक बोलतात. हार्डिन यांचे गुराखी जे करत नाहीत नेमके ते. अर्थात हार्डिन यांचे गणित जिथे लागू पडते अशा जागाही आहेत. वातावरणात कार्बन डायॉक्साइड सोडताना देशोदेशींचे वर्तन त्या मुक्या गुराख्यांसारखे बराच काळ राहिले. कोणत्या अटी असताना ही कथा लागू पडते, हे आधी सांगितले पाहिजे. तक्रार एवढीच आहे.

वर्गात काय करावे

मग बोधकथा वर्गातून हद्दपार कराव्यात का? मुळीच नाही. विज्ञानातली अनेक प्रतिमाने सुरुवातीला गोष्टीसारखीच असतात. गोष्ट लक्ष वेधते, लक्षात राहते, आणि प्रश्न उभा करते. प्रश्न उभा केल्यावर तिने बाजूला व्हावे, एवढेच.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घ्या. क्रिस्टोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी २००९ मध्ये कावळ्याच्याच कुळातल्या रूक या पक्ष्यांवर तसा प्रयोग केला. नळीतल्या पाण्यावर तरंगणारी अळी मिळवण्यासाठी चारही पक्ष्यांनी पाण्यात दगड टाकले. लहान दगडांपेक्षा मोठे दगड त्यांनी पसंत केले, आणि लाकडाचा भुसा भरलेल्या नळीपेक्षा पाण्याच्या नळीत दगड टाकणे फायद्याचे, हेही ते शिकले. त्यांना पाण्याचे विस्थापन ‘समजते’ का, यावर मात्र अजून वाद आहे, आणि शास्त्रज्ञ तो नवे प्रयोग करून घालत आहेत.

हाच धागा वर्गात पुढे नेता येईल. काचेची बरणी आणि साधारण एकसारखे खडे घ्या. बरणी खड्यांनी काठोकाठ भरली, तरी खड्यांमधल्या फटींची जागा एकूण जागेच्या सुमारे ४० टक्के उरते. त्यामुळे सुरुवातीला पाणी बरणीच्या दोन पंचमांशांपेक्षा बरेच कमी असेल, तर कितीही खडे टाकले तरी ते काठापर्यंत येणार नाही. खड्यांच्या फटींतच राहील. पुस्तकातल्या चित्रात पाणी अगदी तळाशी दाखवलेले असते. तो कावळा तहानलेलाच राहिला असता! मुलांना आधी अंदाज करू द्यावा, मग मोजू द्यावे. वेगवेगळ्या आकाराचे खडे मिसळले तर काय होईल, हेही त्यांनाच शोधू द्यावे.

कोणतीही बोधकथा सांगून झाल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावता येईल. गोष्टीतले काय कशाला लागू केले आहे? गोष्टीत कोणाला बोलू दिलेले नाही? आणि काय आढळले तर ही गोष्ट इथे लागू पडत नाही असे आपण म्हणू? पहिला प्रश्न आपल्याला दृष्टांतपाठाने शिकवला आहे, दुसरा रोमच्या टेकडीवरच्या लोकांचा आहे, आणि तिसरा विज्ञानाचा.

बेडकाची गोष्ट मी आता सांगत नाही. तापमानवाढीविषयी बोलायचे असेल तर तापमानाच्या नोंदींचा आलेख फळ्यावर काढतो. तो काढायला वेळ लागतो आणि माना लगेच डोलत नाहीत. पण “मिनिटाला किती अंश?” असे कोणी विचारले, तर आता “दशकाला किती अंश” याचे उत्तर आलेखावर बोट ठेवून देता येते.